स्पेनचा शाही गरुड कसा सावरला

खांद्यांवर पांढरे पट्टे असलेला गर्द तपकिरी स्पॅनिश शाही गरुड आज फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये घरटी करतो. त्याचे शास्त्रीय नाव अक्विला अडालबर्टी. १८६१ मध्ये ब्रेम या जर्मन पक्षीशास्त्रज्ञाने बव्हेरियाचा राजपुत्र आडालबर्ट याच्यावरून ते ठेवले. हिवाळ्यात गुजरात-राजस्थानच्या माळरानांवर उतरणारा शाही गरुड हा त्याचा पूर्वेकडचा भाऊबंद. बरीच वर्षे या दोघांना एकच जात मानत. १९७० च्या सुमारास स्पेनमधल्या या गरुडाच्या तीस-चाळीसच जोड्या माहीत होत्या. २०२१-२२ पर्यंत आकडा ८०० च्या पुढे गेला.

या वाढीचे श्रेय बहुतेकदा पिल्लांच्या देखभालीला दिले जाते. आकड्यांचा क्रम पाहिला तर ते तितकेसे पटत नाही. हा पक्षी सावकाश वयात येतो आणि वीस वर्षे जगू शकतो. एका जोडीने एका वर्षी एक पिल्लू जास्त वाढवले तर थोडा फरक पडतो. पण प्रौढ पक्ष्यांचे मरण थोडे वाढले तरी संख्या कोसळते. स्पेनला हे कळायला वेळ लागला, आणि त्या वेळात कोणते उपाय झाले हाच या गरुडाचा इतिहास आहे.

सरकारी बक्षीस आणि सशाचा रोग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैर्ऋत्य स्पेनमधल्या दोन्याना या पाणथळ भागात अंडी आणि कातडी गोळा करणाऱ्यांनी घरटी लुटली. मोठा घाव १९५३ मध्ये बसला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने उपद्रवी प्राण्यांचा नायनाट करण्यासाठी प्रांतिक मंडळे नेमली. लांडगा, कोल्हा, गरुड, घार यांपैकी जे मारून आणाल त्याचे पैसे मिळत. विषारी आमिष वापरणे तेव्हा सरकारमान्य होते. नंतर विषाविरुद्ध कायदे आले तरी गावोगावच्या शिकारखात्यांत, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या जमिनींत, ती सवय टिकून राहिली, याचे मूळ इथे आहे.

त्याच सुमारास सशाचा रोग आला. १९५२ च्या उन्हाळ्यात आर्मां-दलील नावाच्या फ्रेंच डॉक्टरने आपल्या मायबुआ येथील मळ्यातले ससे कमी व्हावेत म्हणून दोन सशांना मिक्सोमॅटोसिसचा विषाणू टोचून सोडून दिले. पुढच्याच वर्षी रोग स्पेनमध्ये पोहोचला. शाही गरुडाच्या आहारात निम्म्याहून जास्त वाटा सशाचा असतो. ज्या डोंगरउतारांवर ससे जवळजवळ संपले तिथे घरटी ओस पडली. १९६६ मध्ये शिकारी पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा बक्षिसाचा घाव भरायला सुरुवात होण्यासारखी होती. सशाचा घाव तसा नव्हता.

पिल्लांपासून सुरुवात

१९७० च्या दशकात बर्न्ड मायबुर्ग आणि खेसुस गार्सोन या अभ्यासकांनी घरट्यात हस्तक्षेप सुरू केला. मादी दोन-तीन, क्वचित चार अंडी घालते आणि सुमारे ४३ दिवस उबवते. पिल्ले एकदम न फुटता काही दिवसांच्या अंतराने फुटतात. अन्न कमी पडले की थोरले पिल्लू धाकट्याला टोचून किंवा उपाशी ठेवून मारते. असे धाकटे पिल्लू उचलून, एकच पिल्लू असलेल्या किंवा रिकाम्या घरट्यात ठेवायचे, अशी ही पद्धत. ती चालली आणि पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली.

घरट्याजवळ जास्तीचे ससे ठेवण्याचा प्रयोगही बराच झाला. ससा घरट्यात टाकत नाहीत. जोडी नेहमी बसते त्या झाडाजवळ किंवा वेगळ्या मचाणावर ठेवतात आणि माणूस लगेच दूर होतो. तीन पिल्ले असतील किंवा पालक अननुभवी असतील तर त्याचा उपयोग होतो. एरवी खर्च जास्त आणि फायदा थोडा. यात एक फसगतही झाली. स्वस्त पडतात म्हणून पाळीव सशांचे मांस दिले गेले, आणि त्यातून औषधांचे अंश पिल्लांच्या रक्तात उतरले. अशा पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती दबलेली आढळली, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हापासून जास्तीचे अन्न रानटी सशाचे किंवा औषध न दिलेल्या सशाचेच असावे हा आग्रह वाढला.

घरट्याभोवतीचे काम तुलनेने सोपे निघाले. काहीशे मीटरच्या परिघात फेब्रुवारी ते जुलै झाडतोड, बुचाची साल काढणे आणि नवा रस्ता बंद. अंडी असताना मादी तासभर उठून राहिली तरी अंडी थंड पडतात, म्हणून सुरुवातीचे दोन महिने सर्वात नाजूक. वाऱ्याने वाकलेली घरटी, जोडी पुन्हा घरट्याकडे वळण्याआधी, जाळी आणि फांद्या बांधून भक्कम केली जातात.

खांबाचा हिशेब

१९८० च्या दशकात मिगेल फेरेर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन्यानाच्या पिल्लांवर रेडिओ ट्रान्समीटर बसवले, तेव्हा खरी गळती कुठे आहे ते दिसले. घरटे सोडल्यावर पहिल्या काही महिन्यांतच बहुतेक पिल्ले मरत होती आणि त्यांतली पुष्कळशी विजेच्या खांबाखाली सापडत होती. पुढे १९९० च्या दशकापासूनच्या देशभरच्या नोंदी तपासल्या तेव्हा अनैसर्गिक मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे विजेच्या धक्क्याने आणि सुमारे तीस टक्के विषाने झालेले आढळले.

गरुडाच्या पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. स्पेनमधले वाहिनीचे खांब लोखंडी सांगाड्याचे आणि जमिनीशी जोडलेले. म्हणून पक्षी लोखंडी आडव्या पट्टीवर बसला आणि पंखाने एका तारेला लागला तरी पुरे. दोन तारा लागण्याची गरज नाही. आपल्याकडच्या ११ केव्हीच्या खांबावर तार पट्टीच्या वर धरणारे उभे पिन इन्सुलेटर दिसतात तीच मांडणी तिथेही सर्वाधिक घातक ठरली. त्याखालोखाल घातक ते ट्रान्सफॉर्मर आणि स्विचचे खांब, कारण तिथे जंपर, म्हणजे जोडतारा, वरून वळवलेले असतात. ४०० केव्हीच्या मनोऱ्यावर तारांत इतके अंतर असते की धक्का बसत नाही. तिथे तारांवर आदळण्याचा धोका. शरद ऋतूच्या पहिल्या पावसात मृत्यू वाढतात, कारण भिजलेली पिसे वीज वाहतात. मादी नरापेक्षा मोठी असल्याने जास्त मरते, आणि त्यामुळे जोड्या जुळायलाही अडचण होते.

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रदेशाने १९९० मध्येच प्रादेशिक नियम केला. राष्ट्रीय नियम म्हणजे शाही हुकूम क्रमांक १४३२, २००८ साली आला. त्यातली कलमे अगदी सुताराने लिहिल्यासारखी आहेत. वीजभारित भाग आडव्या पट्टीच्या वर येऊ नये. खालची पट्टी आणि वरच्या बाजूची तार यांत किमान १.५ मीटर अंतर हवे. कमानी मांडणीत खांबाचे डोके आणि मधली तार यांत किमान ०.८८ मीटर अंतर ठेवावे, नाहीतर मधली तार जोडबिंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर इन्सुलेट करावी.

प्रत्यक्ष कामात तीन-चार गोष्टी बिघडतात. पट्टीवर बसवलेले काटे किंवा झाकणे पक्ष्याला दूर करत नाहीत. तो शेजारी, म्हणजे तारेच्या आणखी जवळ बसतो. तारेवर चढवलेले सिलिकॉनचे वेष्टण उन्हाने तडकते आणि काही वर्षांनी बदलावे लागते. जंपरचे झाकण थोडे आखूड निघाले तरी उघडा तुकडा राहतोच. त्यामुळे खांबाची मांडणीच बदलणे, म्हणजे इन्सुलेटर पट्टीखाली लोंबकळता ठेवणे, महाग पडले तरी टिकते. सगळे खांब बदलण्याची गरज मात्र नसते. टेकडीच्या डोक्यावर, झाड नसलेल्या आणि ससे भरपूर असलेल्या उघड्या जागेवरचे मोजके खांब बहुतेक बळी घेतात. आधी तेच शोधायचे. मृत पक्ष्यांची मोजणी महिन्यातून एकदा केली तर आकडा कमीच भरतो, कारण कोल्हे आणि रानडुकरे मढी ओढून नेतात.

दोन्यानातले खांब बदलल्यावर विजेने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले आणि तरुण पक्षी तगू लागले. पूर्ण कार्यक्रमातला हा सर्वात खात्रीचा उपाय ठरला, असे म्हणायला हरकत नाही.

सशाची नवी साथ आणि विष

तरीही १९९० च्या दशकात दोन्यानाची जोडीसंख्या १५-१६ वरून जवळपास निम्म्यावर आली. १९८८ च्या सुमारास सशाचा रक्तस्रावी रोग स्पेनमध्ये पसरला होता. ससे घटल्यावर लहान शिकारीची खाती चालवणाऱ्यांनी कोल्ह्यांना दोष दिला आणि विषारी आमिष वाढले. आल्डिकार्ब आणि कार्बोफ्युरान ही मुख्य विषे. दुसरे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही दाणेदार कीटकनाशक म्हणून माहीत आहे. कोल्ह्यासाठी ठेवलेले मढे गरुडाने आणि घारीनेही खाल्ले. दोन्यानात या काळात अपरिपक्व पिसारा असलेले पक्षी जोडीत दिसू लागले. मेलेल्या प्रौढाची जागा तीन वर्षांच्या तरुण पक्ष्याने घेतली की जोडी मोजणीत टिकते, पण पिल्ले कमी होतात. म्हणून मोजणीत जोड्यांसोबत त्यांतले किती अपरिपक्व हे लिहावे, हा धडा फेरेर यांच्या गटाने दिला. हे प्रमाण वाढले तर घसरण अजून दिसत नसली तरी ती सुरू झालेली असते.

विषाविरुद्धचे काम पोलिसी स्वरूपाचे आहे. १९९५ च्या दंडसंहितेत ते गुन्हा ठरले, २००४ मध्ये राष्ट्रीय धोरण आले आणि त्याच सुमारास आंदालुसियाने प्रशिक्षित कुत्र्यांची पथके उभी केली. कुत्रे आमिष हुंगून शोधतात. माणसाला ते गवतात दिसत नाही. मढ्याला हात न लावता, छायाचित्र काढून, मोहोरबंद पेटीतून प्रयोगशाळेत पाठवणे हाच पुरावा. माणूस पकडला जाणे दुर्मीळ, म्हणून त्या खात्यातली शिकारच काही वर्षे बंद करण्याची शिक्षा अधिक चालली. त्यात मालकाचे थेट नुकसान होते.

ससा वाढवणे सर्वात अवघड

रक्तस्रावी रोगाची एक विचित्र गोष्ट आहे. मूळ विषाणू लहान पिल्लांना मारत नाही. सुमारे दोन महिन्यांपर्यंत ती तगतात आणि संसर्ग झाला तर रोगप्रतिकार मिळवतात. ससे दाट असतील तर विषाणू फिरत राहतो, बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि कळप टिकतो. ससे विरळ असतील तर तो उशिरा पोहोचतो, तेव्हा ससे मोठे झालेले असतात आणि मरतात. म्हणजे आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते. २०१० मध्ये फ्रान्समध्ये आढळलेला नवा प्रकार पिल्लांनाही मारतो, त्यामुळे हे गणितही बिघडले. २०१९ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने मूळ प्रदेशातल्या सशाला संकटग्रस्त यादीत टाकले.

बाहेरून ससे आणून सोडणे वर्षानुवर्षे चालले आणि बहुतेकदा फसले. पहिल्या दहा दिवसांत ताण, अनोळखी जागा आणि कोल्हे मिळून मोठा भाग संपतो. सोडण्याआधी काही दिवस कुंपणात ठेवणे, आत अन्न-पाणी आणि कृत्रिम बिळे देणे याने फरक पडतो. दगड, लाकडी चौकटी आणि त्यांवर मातीचा ढीग असे हे बीळ असते. कुंपणाची जाळी जमिनीत पुरलेली हवी, नाहीतर कोल्हा खणून आत शिरतो. आणखी एक अडचण: सशाच्या दोन उपजाती आहेत, एक नैर्ऋत्येची आणि एक ईशान्येची. उत्तरेतले ससे दक्षिणेत सोडले की संकर होतो आणि सोबत रोगही जातो.

अधिक स्वस्त आणि टिकाऊ मार्ग अधिवासाचा आहे. ससा झुडपात लपतो आणि उघड्यावर चरतो, म्हणून त्याला दोन्ही शेजारी-शेजारी लागतात. सलग दाट झुडूपात चारा नसतो, सलग शेतात आडोसा नसतो. झुडपांत अरुंद पट्टे कापून त्यांत बार्ली किंवा ओट पेरतात. पट्टा रुंद झाला तर मधला भाग वापरातच येत नाही. सिएरा मोरेना आणि तोलेदोच्या डोंगरांत हे काम बहुतांशी खाजगी शिकारखात्यांच्या मालकांशी करार करून होते, कारण गरुडांच्या बहुतेक जोड्या तिथेच आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सीबीडी-हाबितात या प्रतिष्ठानाने असे करार वाढवले. आयबेरियन लिंक्स हे रानमांजरही याच सशावर जगतो. त्याच्यासाठी आलेला युरोपीय निधी गरुडाच्याही कामी आला.

हरवलेल्या प्रदेशात परत

दक्षिण स्पेनमधल्या कादिस प्रांताच्या ला हांदा भागात २००२ पासून पिल्ले सोडली गेली. जास्त पिल्ले असलेल्या घरट्यांतून ती उचलून उंच मचाणावरच्या पिंजऱ्यात ठेवत, माणूस न दिसता अन्न देत, आणि पंख भरल्यावर दार उघडून पुढेही महिनोन्महिने अन्न ठेवत. त्या भागातले धोकादायक खांब आधीच दुरुस्त केलेले असणे ही अट होती. २०१० मध्ये तिथे पहिली जोडी यशस्वी झाली. पोर्तुगालमध्ये २००३ पासून जोड्या पुन्हा दिसू लागल्या होत्या.

तोलेदोच्या शेतीप्रदेशात आता ससे इतके वाढले आहेत की महामार्गांच्या आणि रेल्वेमार्गांच्या भरावांतून निघून ते पिके फस्त करतात. शेतकरी भरपाई मागतात आणि प्रशासन त्यांना मारण्याचे परवाने देते. गरुडही डोंगर सोडून तिथे उतरतात आणि निलगिरीच्या ओळींत घरटी करतात. पण २००८ चा हुकूम अधिसूचित संरक्षण क्षेत्रांपुरताच लागू आहे आणि जुन्या वाहिन्यांची दुरुस्ती सरकारी निधीच्या हप्त्यावर अवलंबून राहते. तरुण गरुड घरटे सोडल्यावर या क्षेत्रांबाहेर दोन-तीन वर्षे भटकतात, आणि तिथल्या खाजगी शेतांना वीज देणारे कितीतरी खांब अजून पिन इन्सुलेटरचेच आहेत.