‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ : आधी कादंबरी नव्हतीच

एखाद्या गाजलेल्या विज्ञानकादंबरीवर चित्रपट निघणार असे कळले, की छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतच्या वाचकांच्या गप्पांत एक दाखला हमखास निघतो : आर्थर क्लार्क यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या कादंबरीतले यान शनीकडे जाते, दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी चित्रपटात ते परस्पर गुरूकडे वळवले आणि पुस्तकाची वाट लावली. हा दाखला चुकीचा आहे.

कुब्रिक आणि क्लार्क १९६४ मध्ये न्यूयॉर्कला भेटले, तेव्हा ही कादंबरी अस्तित्वातच नव्हती. हाताशी होती ती क्लार्क यांची, चंद्रावर सापडलेल्या परक्या वस्तूविषयीची, १९५१ साली छापली गेलेली ‘द सेंटिनेल’ ही लघुकथा. कादंबरी आणि पटकथा दोघांच्या चर्चेतून बरोबरीने वाढत गेल्या. पटकथेवर तर दोघांचीही नावे आहेत. चित्रपट एप्रिल १९६८ मध्ये झळकला आणि पुस्तक त्याच वर्षी, पण त्यानंतर आले. चित्रपट संथ वाटतो, त्याचा शेवट उलगडत नाही, ही तक्रार कोणी केली तर ती समजण्यासारखी आहे. पुस्तकाशी बेइमानी केल्याचा आरोप मात्र इथे टिकत नाही.

शनी गळाला तो दिग्दर्शकाच्या लहरीपोटी नव्हे, तर त्याची कडी पडद्यावर पटण्याजोगी उतरवणे तेव्हाच्या तंत्राला जमेना म्हणून. कागदावर ही अडचण नसल्याने कादंबरीत तो कायम राहिला. गंमत अशी, की १९८२ मध्ये आलेल्या ‘२०१०’ या पुढच्या कादंबरीत खुद्द क्लार्क यांनीच चित्रपटातला गुरू स्वीकारला.