खेळाचे दोन क्रेडिट आणि तुमचा सीजीपीए: सोलापूरच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी निवड, कागदपत्रं आणि आकडेमोड

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरताना मेजर-मायनरवर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयावर, घरात तासभर चर्चा होते आणि ‘सीसी’चा रकाना मात्र मित्राने जे भरलं तेच भरून मोकळा केला जातो. तिसऱ्या वर्षी सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून सरासरी, ७.४६ वर अडकला की मग त्या रकान्याची आठवण होते. तेव्हा काही करता येत नाही, म्हणून आधीच समजून घेतलेलं बरं.

सीसी म्हणजे सहअभ्यासक्रम. नवीन शैक्षणिक धोरणासाठी राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ ला जो शासन निर्णय काढला, त्यात पहिल्या चार सत्रांत प्रत्येकी २, असे एकूण ८ क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) याला दिले आहेत. एका सत्राचे क्रेडिट २२, तीन वर्षांचे १३२. निवडीसाठी खेळ व तंदुरुस्ती, योग, आरोग्य, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी (राष्ट्रीय छात्रसेना), सांस्कृतिक उपक्रम आणि कला असे पर्याय असतात. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ ला आली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला संलग्न असलेल्या महाविद्यालयात शिकत असाल तर केगावहून, म्हणजे विद्यापीठाकडून, आलेला अभ्यासक्रम लागू. संगमेश्वरसारख्या स्वायत्त महाविद्यालयात असाल तर परीक्षा आणि मूल्यमापन महाविद्यालय ठरवतं. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा सल्ला घेण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला छापलेला क्रेडिटचा तक्ता उघडा. त्यात दोन गोष्टी पाहा: खेळासमोर क्रेडिटचा आकडा आहे का, आणि श्रेणी देणार की फक्त ‘समाधानकारक’ असा शेरा.

हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विनाक्रेडिट विषयाला ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढंच लिहायचं असतं आणि तो एसजीपीएत (एका सत्राच्या सरासरीत) किंवा सीजीपीएत धरायचा नसतो. अभियांत्रिकीच्या मुलांना पहिल्या वर्षी जो प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम असतो, त्यातला व्यायामाचा तास असाच. गुणपत्रिकेच्या सरासरीला त्याचा धक्का लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे आठ गुण मिळवल्याशिवाय आणि पोहण्याची अट पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही, पण ते गुण सरासरीत येत नाहीत. आपल्याकडे सीसीला क्रेडिट आहे. तक्त्यात त्याला श्रेणी असेल तर तो सरासरीत येतो, आणि मराठी किंवा अकाउंटन्सीच्या क्रेडिटइतकंच त्याच्या प्रत्येक क्रेडिटचं वजन असतं.

आता आकडे. दहा गुणबिंदूंच्या पट्टीवर ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ ४ आणि नापास शून्य. विषयाचे क्रेडिट गुणिले गुणबिंदू, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा बाकीच्या २० क्रेडिटमध्ये सगळीकडे ७ आहेत, म्हणजे १४०. खेळात १० मिळाले तर १६० भागिले २२, एसजीपीए ७.२७. खेळात ५ मिळाले तर १५० भागिले २२, म्हणजे ६.८२. एका मैदानामुळे जवळजवळ अर्ध्या गुणबिंदूचा फरक पडला.

तीन वर्षांच्या सीजीपीएत हा फरक पातळ होतो, कारण १३२ मध्ये ८ म्हणजे शंभरातले सहाच. म्हणून ‘खेळ घेतला की सीजीपीए आपोआप वर जातो’ हे बोलणं मला पटत नाही. फरक पडतो तो उंबरठ्यावर. आणि असा एक उंबरठा आहेच: चौथ्या वर्षाची ‘ऑनर्स विथ रिसर्च’, म्हणजे संशोधनासह ऑनर्स, पदवी. यूजीसीच्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, दहाच्या पट्टीवर ७.५. नुसत्या ऑनर्सला ही अट नाही. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी पात्र व्हायचं तरी ७५ टक्के किंवा समकक्ष श्रेणी हवी. एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे.

बाकीच्या १२४ क्रेडिटची सरासरी ७.४ असलेली मुलगी घ्या. सीसीच्या चारही सत्रांत तिला १० असतील तर सीजीपीए ७.५६, संशोधनाचा दरवाजा उघडा. चारही सत्रांत ६ असतील तर ७.३२, बंद. हीच सरासरी ७.३३ असेल तर मात्र खेळात दहापैकी दहा मिळूनही ती ७.४९ वर थांबते. मैदान तुम्हाला काठावरून आत ढकलू शकतं, खोल पाण्यातून बाहेर काढू शकत नाही.

खाली ओढण्याची ताकद मात्र त्याच्यात जास्त आहे. खेळात नापास होणारा मुलगा क्वचितच खेळता न आल्यामुळे नापास होतो, हजेरीमुळे होतो. मग एटीकेटी लागते, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊनही तो विषय पुन्हा द्यावा लागतो. सुवर्णपदक आणि गुणवत्ता यादीच्या अटींमध्ये बहुतेक वेळा ‘सर्व विषय पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण’ असं लिहिलेलं असतं. त्यात हा दोन क्रेडिटचा विषयही मोजला जातो, हे गुणवंत मुलं विसरतात.

हजेरीचं गणित असं. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला चार तास. मैदान सहसा सकाळी लवकर असतं. मोहोळ, अक्कलकोट, बार्शीहून एसटीने किंवा रेल्वेने येणाऱ्यांनी ही वेळ आधी विचारावी. गाडी पोहोचतच नसेल तर योग किंवा सांस्कृतिक पर्याय घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. दुसरं सत्र एप्रिलकडे सरकतं आणि सोलापुरात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. तास जानेवारी-फेब्रुवारीतच भरून घ्या.

पात्रतेत खेळ व तंदुरुस्ती या पर्यायाला खेळाडू असण्याची अट नसते, हा पहिला गैरसमज दूर करा. तुम्ही खो-खो कधी खेळला नसाल तरी चालतं; मूल्यमापन तंदुरुस्ती चाचणी, कौशल्य, नोंदवही आणि हजेरीवर होतं. एनसीसीचं तसं नाही. तिथे जागा ठरलेल्या असतात, शारीरिक चाचणी होते, आणि सोलापुरातल्या ९ किंवा ३८ महाराष्ट्र बटालियनकडे नोंदणी व्हावी लागते. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. सुट्टीत घरच्या यंत्रमागावर किंवा दुकानात बसावं लागणाऱ्यांनी शिबिराच्या तारखा विचारून मगच नाव द्यावं.

अर्ज महाविद्यालयातच, प्रवेशाच्या वेळी किंवा त्यानंतर जिमखाना विभागाच्या सूचनेनुसार भरायचा असतो. सोबत प्रवेश पावती, आधारची प्रत, फोटो आणि एबीसी (क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) किंवा अपार (विद्यार्थ्याचा ओळख) क्रमांक ठेवा. अपार क्रमांक १२ अंकी असतो आणि डिजीलॉकरमध्ये दिसतो. तिथलं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, नाहीतर मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा व्हायला अडचण येते. नोंदणीकृत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्रही लागतं. दमा, हृदयविकार, जुनं हाडाचं दुखणं असेल तर ते लपवू नका. सिव्हिल हॉस्पिटलचा किंवा आपल्या डॉक्टरांचा लेखी अभिप्राय जोडून पर्याय बदलून मागा, आणि तोही सत्राच्या सुरुवातीला. नोव्हेंबरात आणलेल्या दाखल्याकडे हजेरी टाळण्याची सबब म्हणून पाहिलं जातं.

विद्यापीठ संघातून खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा अश्वमेध या राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला गेलात की बाकीच्या विषयांचे तास बुडतात. जाण्याआधी शारीरिक शिक्षण संचालकांचं पत्र प्रत्येक विभागप्रमुखाकडे द्या आणि पोच घ्या. स्पर्धेतल्या सहभागाबद्दलचे सवलतीचे गुण सीसीच्या श्रेणीत आपोआप मिसळत नाहीत. त्यांचा अर्ज प्रमाणपत्रासह निराळा करायचा असतो. आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हे तर तिसरंच प्रकरण. तिथे सीसीची श्रेणी कामाची नाही, ठरलेल्या स्तरावरच्या कामगिरीचं प्रमाणपत्र क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. आपला विभाग पुणे.

शेवटची आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी. लेखी पेपरची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं. मैदानावरच्या प्रात्यक्षिकाचं ते सहसा होत नाही. त्यामुळे गुण ऑनलाइन भरले जाण्याआधीच जिमखान्यात जाऊन आपली हजेरी आणि अंतर्गत गुणांची यादी पाहून घ्या. चूक दिसली तर तोंडी सांगून थांबू नका; प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा, नोंदवहीची प्रत जोडा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवा.