झुकणं वेगळं, वळणं वेगळं

सिंथसाठी (सिंथेसायझरसाठी) घरी दोन दिशांना हलणारं पायाचं पेडल बनवणाऱ्यांची एकच तक्रार मी सतत ऐकतो: "पाय पुढे-मागे केला की फिल्टर छान उघडतो, पण डावी-उजवीकडे वळवला की काहीच होत नाही. कोडमध्ये काय चुकलं?" कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. पेडलच्या पाटीवर एमपीयू-६०५० ही हालचाल ओळखणारी चिप चिकटवलेली असते आणि तिच्याकडून दोन्ही अक्षांची अपेक्षा असते. तिथेच घोळ आहे.

दुसरा पर्याय पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर: व्हॉल्यूमच्या गोल बटणामागे असतो तो फिरता रोधक. लिनियर (जितकं फिरवाल तितकाच बदल देणारा) घ्या, १० के (१० हजार ओमचा), पाठीवर बी छापलेला. व्हॉल्यूमसाठीचा ए नको. चिप आणि पॉट यांच्यातले किंमत, सोल्डरिंग, वायरींची संख्या हे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक असा. पॉट बिजागरीवर बसतो आणि तळपाट नि वरची पाटी यांच्यातला कोन मोजतो. एमपीयूमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला तुमची तळपाट ठाऊकच नाही. पाटी स्थिर असताना त्याला एकच गोष्ट कळते: 'खाली' कुठे आहे. चवडा दाबला, पाटी कलली, की चिपच्या हिशेबात खालची दिशा बदलते आणि त्यावरून कोन काढता येतो. आता टाच जागेवर ठेवून चवडा उजवीकडे न्या. पाटी उभ्या आसाभोवती वळली, पण 'खाली' जिथे होतं तिथेच राहिलं. सेन्सरच्या लेखी काही घडलंच नाही.

वाटीभर पाणी घेऊन बघा. वाटी कलती केली की पाणी एका काठाकडे चढतं. तीच वाटी ओट्यावर टेकवून सावकाश फिरवा, पाणी सपाटच राहतं. नुसतं पाण्याकडे बघून वाटी किती फिरली ते सांगता येईल का? कितीही चांगला कोड लिहिलात तरी नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "त्याच चिपमध्ये जायरो आहे की!" आहे, पण जायरो कोन देत नाही, फिरण्याचा वेग देतो. कोन हवा तर त्या वेगाची सतत बेरीज करावी लागते, आणि प्रत्येक चूकही त्या बेरजेत जाते. सेकंदाला अर्ध्या अंशाची चूक धरली तरी मिनिटात ३० अंश होतात. माझी पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत वळतेच मुळी ३० अंश. म्हणजे पाय हललेला नसताना मिनिटभरात आवाज पार दुसऱ्या टोकाला. चुंबकीय होकायंत्राची चिप जोडून हे सुधारेल असं वाटत असेल, तर शेजारच्या स्पीकरमधलं चुंबक आणि पेडलची लोखंडी चौकट आठवा.

शिवाय अ‍ॅक्सेलरोमीटरला हादरा आणि कल यांतला फरक कळत नाही. माझं पहिलं पेडल याच चिपवर होतं. घरी फरशीवर उत्तम चाललं. तालमीला लाकडी मंचावर ठेवलं तर ड्रमवाल्याच्या प्रत्येक किकबरोबर माझा कटऑफ (फिल्टर किती उघडा ते ठरवणारा आकडा) उसळी मारत होता. कोडमध्ये सेन्सरच्या आकड्यांचं फिल्टरिंग वाढवून उसळ्या दाबल्या, पण मग पेडल पायाच्या मागून रेंगाळत यायला लागलं. वाजवणाऱ्याला ते उसळ्यांहून जास्त छळतं. त्या दिवसापासून तळपाट असलेल्या पेडलला मी ही चिप लावत नाही. बुटावर लावायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पॉट बसवायला बिजागरीच नसते.

पॉटची उणीव मात्र मान्य करायला हवी. तो सुमारे २७० अंश फिरण्यासाठी बनलेला असतो आणि पेडल हलतं जेमतेम २५ अंश. अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाच्या १०२४ पायऱ्यांतल्या जेमतेम ९५ हाताशी येतात, मिडीच्या (वाद्यांच्या आपसातल्या संदेशभाषेच्या) साध्या १२८ पायऱ्यांहूनही कमी. गिअर लावा, नाहीतर एएस५६०० हा हॉल सेन्सर (आसावरच्या चुंबकावरून कोन ओळखणारा) घ्या: पूर्ण फेरीला ४०९६ पायऱ्या, म्हणजे २५ अंशांत २८४, आणि घासण्याची भानगड नाही. पण चुंबक बघून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं 'निओडिमियमची चकती' मागितलीत तर बहुधा दोन सपाट तोंडांना ध्रुव असलेली मिळते, आणि ती इथे बिनकामाची. ध्रुव व्यासाच्या दोन टोकांना हवेत. दुसरं, या सेन्सरचा पत्ता (बोर्ड त्याला ज्या क्रमांकाने ओळखतो तो) ठरलेला आहे. दोन सेन्सर एकाच बसवर (सामायिक तारांवर) लावून "एक खराब निघाला" म्हणू नका. ईएसपी३२ या कंट्रोलरवर दोन स्वतंत्र बस आहेत, एकेकाला एकेक द्या.

बांधणी कॅमेऱ्याच्या तिवईसारखी करा: वळणारा आस खाली, टाचेखाली, झुकणारा त्याच्यावर. उलट केलंत तर पाटी कलल्याबरोबर वळणाचा आसही कलतो आणि पाय घोट्यातून अवघडतो. झुकणारा अक्ष सोडला तिथे थांबावा, म्हणून त्याच्या बिजागरीला घर्षण ठेवा. वळणारा मात्र मध्यावर परत आलाच पाहिजे. जुन्या ऑर्गनला गुडघ्याने बाजूला ढकलायची पट्टी असते, सोडली की स्प्रिंगने माघारी येते. तसंच इथे, फक्त स्प्रिंग दोन्ही बाजूंना. आणि कोडमध्ये मध्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन अंश मोकळे सोडा, कारण चवडा सरळ खाली दाबतानाही पाय थोडासा वळतोच.