२० किलो वजन उचलायला मोटर केवढी लागेल?

कोणी असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, दोरी कशावर गुंडाळणार? कारण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, हा बल गुणिले त्रिज्या असतो, वजन तेवढंच ठेवून ड्रम दुप्पट मोठा केला की टॉर्कही दुप्पट लागतो, नुसत्या किलोवरून मोटर ठरतच नाही.

हिशोब करूनच बघू. २० किलो गुणिले ९.८१ म्हणजे साधारण १९६ न्यूटन. ड्रम १० सेंमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या ०.०५ मीटर (घाईत इथे व्यासच टाकला जातो आणि उत्तर दुप्पट येतं). गुणाकार ९.८ न्यूटन-मीटर. पण हे झालं वजन नुसतं धरून ठेवायला किंवा एकसारख्या वेगाने वर न्यायला. थांबलेलं वजन हलवायचं म्हणजे जास्तीचा जोर लागणारच, दर सेकंदाला वेग १ मीटर प्रति सेकंदाने वाढवायचा असेल तर आकडा १०.८ वर जातो. शिवाय दोरीचा दुसरा थर चढला की त्रिज्या वाढते, म्हणजे वजन वर पोचत आलं की मोटरला उलट जड जायला लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता वेग. सेकंदाला २० सेंमी वर न्यायचं तर ड्रम मिनिटाला ३८ वेळा फिरेल. मोटर १५०० आरपीएमची (मिनिटाला १५०० फेरे) असेल तर मध्ये ४० पट वेग कमी करणारा गिअरबॉक्स हवा, आणि मग मोटरच्या वाट्याला टॉर्क ४० पट कमी येतो, ०.२७ न्यूटन-मीटर. वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणारा, सहसा उलटा न फिरणारा) असेल तर अर्धी ताकद घर्षणातच जाऊ शकते, तेव्हा ०.५४ धरा. पॉवर साधारण ८५ वॉट होते. मी तरी १५० वॉटच्या खाली जाणार नाही.

छोट्या डीसी मोटरवर टॉर्क किलो-सेंमीमध्ये लिहितात, १ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १०.२ किलो-सेंमी. आणि तो मोठ्ठा आकडा बऱ्याचदा स्टॉल टॉर्क असतो, म्हणजे शाफ्ट अडकून थांबल्यावरचा! तिथे करंट सगळ्यात जास्त, मोटर तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं. सतत चालवायला रेटेड टॉर्क बघा.

वीज गेल्यावर वजन खाली येऊ नये म्हणून वर्म गिअरवर विसंबू नका, व्हायब्रेशनने तोही घसरू शकतो, ब्रेक वेगळा लावा.