धार ठरते पाठीवर

सध्या मोबाईलवर एक रील फिरतंय. शिसवी मुठीचा वस्तरा, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, आणि हवेत धरलेल्या केसाचे अलगद दोन तुकडे. खाली लोकांनी ठोकून दिलंय की ही धार त्या नक्षीमुळेच येते. नक्षी म्हणजे दोन जातींच्या पोलादांचे एकावर एक दाबलेले थर. पातं आम्लात बुडवलं की एक थर काळवंडतो, दुसरा चमकत राहतो. दिसायला झकास, पण दाढीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा एक मित्र मागणीप्रमाणे वस्तरे घडवून देतो. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ट्रकच्या पाट्याचं (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद हवं असतं, कारण ते 'दणकट'. हैदराबाद रस्त्यावर ट्रकला तोटा नाही, पाटेही ढिगाने मिळतात. पण पाट्यात कार्बन साधारण ०.६ टक्के. तो लवावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. वस्तऱ्याला १ टक्क्याच्या आसपास कार्बन बरा, म्हणून जुनी, चांगल्या प्रतीची कानस किंवा बेअरिंगचं पोलाद घ्यावं.

तापवण्याचं काम थोडक्यात सांगतो. ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन पातं तेलात बुडवायचं. कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतात, जाळी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. काचेसारखंच ठिसूळही होतं, म्हणून परत २०० अंशांच्या आसपास तासदोन तास शेकायचं. पुढे घासताना पात्यावर निळी झाक दिसली, तर ते ३०० च्या घरात गेलं असं समजावं. तिथली कडकी उतरली.

आता माझा आवडता भाग. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना दगडाशी कोन किती ठेवायचा हे हाताच्या सवयीवर असतं. वस्तऱ्यात तो प्रश्नच येत नाही. पातं दगडावर सपाट ठेवायचं, बस. जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी भागिले पात्याची रुंदी, गुणिले ५७, की अंशांत कोन मिळतो. (लहान कोनांना हे गणित चालतं. ५७ म्हणजे एका रेडियनचे अंश.) पाठ ५ मिलिमीटर, रुंदी १८ मिलिमीटर, म्हणजे कोन जवळपास १६ अंश. सुरीचा याच्या दुपटीच्या आसपास असतो.

खरी गंमत पुढे आहे. वर्षानुवर्षं घासून रुंदी १८ ची १७ झाली आणि पाठ तेवढीच राहिली, तर कोन १७ अंशांकडे सरकेल. पण पाठही दगडावर झिजतेच! ती पाव मिलिमीटरच्या थोडी वर झिजली की कोन परत १६ वर. म्हणजे हत्यार स्वतःच स्वतःचा कोन सांभाळतं. काही जण नक्षी जपायला पाठीवर चिकटपट्टी लावतात. पट्टी ०.१ मिलिमीटरची धरली तर दोन्ही बाजू मिळून जाडी ०.२ ने वाढते आणि कोन अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो. एकदा पट्टी लावून आणि पुढच्या वेळी न लावता घासलं तर धार दगडाला लागतच नाही. खात्री करायला मित्र धारेच्या कडेला मार्करची काळी रेघ ओढतो आणि पातं एकदाच दगडावरून नेतो. परवा टोकाशी नखाएवढी शाई तशीच राहिली होती. पाठ तिथे किंचित जाड होती.

एवढं करूनही धार जाते, आणि तीही केसामुळे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली साध्या रेझरच्या पात्याने केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धारेचे कपचे उडाले. केस तिरका वाकलेला असला आणि पोलादाची आतली रचना त्या जागी एकसारखी नसली की हे घडतं. म्हणून पोलाद बारीक, एकजिनसी हवं आणि दाढी नीट भिजवलेली हवी. पिरॅमिडखाली ठेवून काही होत नाही! चेकोस्लोव्हाकियात १९५९ साली ब्लेडची धार टिकवणाऱ्या पिरॅमिडला खरोखर पेटंट मिळालं होतं, आणि आपल्याकडचे वास्तूवाले अजून तो दाखला देतात. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू चालते असं नव्हे.

राहिली मूठ. दोन पातळ फळ्या, मध्ये पातं, पितळी रिव्हेट. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र काही टक्के आकसतं. सोलापूरचा मे महिना आणि ऑगस्टमधली दमट हवा, या दोन्हींतून मुठीला जायचंय. रेषा लांबीला समांतर नसल्या तर मूठ पिळते, मिटताना पात्याची धार आतल्या लाकडावर घासते आणि सगळी मेहनत पाण्यात. बाभूळ, चिंच, शिसव, काहीही चालेल, पण पूर्ण वाळलेलं हवं.

सलूनमध्ये ही मूठ नको. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावायचा तर जंतुनाशकात बुडवणं आलं, आणि लाकूड ते सोसत नाही. हिपॅटायटिस बी रक्ताच्या थेंबातून पसरतो. तिथे दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेडच बरं.

मुठीला तेल जवसाचं लावावं. हवेतल्या ऑक्सिजनने ते घट्ट होऊन कातडीसारखा थर धरतं. आपलं शेंगदाण्याचं तेल चटणीवर घ्यावं. ते वाळत नाही, मूठ चिकट राहते. आणि जवसाच्या तेलाचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो तापतो, आतली उष्णता कोंडली तर काडी न लावता पेटतो. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.