सहा आकडे एसएमएसचे, सहा आकडे ॲपचे

पासवर्ड टाकला की पुढचा चौकोन उघडतो: कोड टाका. हा कोड बहुतेक वेळा सहा आकडी असतो, थोड्या वेळात बाद होतो आणि कुणाला सांगायचा नसतो. इतकं साम्य असल्यामुळे आपण सरसकट सगळ्यालाच ‘ओटीपी’ म्हणून मोकळे होतो. पण एसएमएसने येणारा कोड आणि ऑथेंटिकेटर ॲपमध्ये (फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपमध्ये) दिसणारा कोड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला तुमच्या मोबाईल नंबरला, म्हणजे सिम कार्डाला बांधलेला असतो. दुसरा तुमच्या हँडसेटला. टू-फॅक्टरचा, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणाऱ्या दोन टप्प्यांच्या लॉगिनचा, लोकांना जो वैताग येतो, त्यातला बराचसा हा फरक माहीत नसल्यामुळे येतो, असं माझं ठाम मत आहे. नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या छोट्या कारखान्यांची हिशेबाची, जीएसटीची कामं मी बघते. तिथे हा वैताग रोज समोर असतो.

दुपारी चारची वेळ घ्या. माल भरलेला टेम्पो गेटपाशी उभा आहे आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायला लागणारं सरकारी पोर्टलवरचं बिल, काढायचं आहे. परराज्यात जाणारा पन्नास हजारांच्या वरचा माल असो की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणारा एक लाखाच्या वरचा, बिलाशिवाय गाडी हलत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांनाच दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं झालं. पासवर्ड ऑफिसातल्या मुलाला पाठ आहे, पण कोड जातो मालकांच्या मोबाईलवर, आणि मालक निघालेत मुंबईला. फोन लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’, कारण गाडी कसारा घाटात. मग फोनवर फोन. अखेर रेंज येते, “साहेब, ओटीपी आला असेल, सांगा ना पटकन,” साहेब आकडे सांगतात, तोवर पोर्टलवरची मुदत संपलेली असते. पुन्हा नवा कोड मागवा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

याच पोर्टलवर कोड मिळवायचे तीन मार्ग दिलेले आहेत: एसएमएस, सरकारी ‘संदेस’ ॲप आणि ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ नावाचं ॲप. तिसऱ्या मार्गात कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला इंटरनेटही लागत नाही. म्हणजे बिल काढणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर हे ॲप असेल, तर घाटातल्या अडचणीवर उपाय पोर्टलनेच देऊन ठेवला आहे. तरी मी पाहते त्या जवळपास प्रत्येक ऑफिसात एसएमएसचीच वाट बघत बसलेले असतात, कारण कोड म्हटलं की तो कुठून तरी ‘येणार’ हे डोक्यात पक्कं बसलं आहे.

ॲपमधला कोड कुठूनही येत नाही. पहिल्यांदा सेटिंग करताना वेबसाइट पडद्यावर क्यूआर कोड दाखवते. तुम्ही तो स्कॅन करता तेव्हा एक लांबलचक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये उतरते. तीच किल्ली वेबसाइटकडेही असते. त्यानंतर दोघांमध्ये कोडबद्दल एका शब्दाचीही देवाणघेवाण होत नाही. फोन १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतो, त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करतो, आत्ता कितवा तुकडा चालू आहे तो आकडा किल्लीबरोबर एका ठरलेल्या गणितात घालतो आणि उत्तरातून सहा आकडे काढतो. वेबसाइट तिच्या बाजूला तेच गणित करते. दोन घरांत एकच पंचांग असेल तर संकष्टी कधी आहे हे विचारायला एकमेकांना फोन करावा लागत नाही, तसंच हे आहे. या पद्धतीचं प्रमाणित रूप २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते सगळ्यांना खुलं आहे. त्यामुळे गूगलचं ॲप मायक्रोसॉफ्टच्या खात्याला चालतं, मायक्रोसॉफ्टचं गूगलला. त्यासाठी पैसे मागणारी ॲप्स स्टोअरमध्ये दिसतात. ती घेण्याचं काही कारण नाही, चांगली ॲप्स फुकट आहेत.

एसएमएसचं तसं नाही. तिथे वेबसाइट एक आकडा बनवते आणि मोबाईल कंपनीमार्फत तुमच्या नंबरवर धाडते. तो नंबर त्या क्षणी ज्या सिममध्ये चालू आहे, त्या सिमवर संदेश पोचतो. हातात फोन धरणारा माणूस कोण, हे त्या संदेशाला कळत नाही. एसएमएसच्या सगळ्या भानगडी इथून सुरू होतात.

सर्वांत वाईट भानगड म्हणजे सिम स्वॅप. चोर तुमच्या नावाने खोटी कागदपत्रं देऊन किंवा दुकानदाराला फितवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढतो, किंवा तुम्हालाच बोलण्यात गुंतवून ई-सिम चालू करून घेतो. तुमच्या फोनवरची रेंज जाते आणि ओटीपी त्याच्या हातात पडायला लागतात. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचंच ट्विटर खातं ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचा मोबाईल नंबर ताब्यात घेऊन वापरलं गेलं होतं. आपल्याकडे यावर एक चांगला अडसर घातला गेला आहे: सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. शिवाय १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. सिम खराब झालं म्हणून नवं घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार करतो की बँकेचा ओटीपीच येत नाही, तेव्हा त्याला हेच सांगायचं. तो त्रास त्याच्या भल्यासाठी मुद्दाम ठेवलेला आहे, दिवसभराने आपोआप सुटेल. मात्र सिम न बदलता फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ आलं आणि तासाभरात गेलं नाही, तर वाट बघत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवा.

दुसरी भानगड कमी नाट्यमय आहे, पण आमच्या कामात जास्त भेटते: बंद पडलेला नंबर. रिचार्ज न केल्याने कापलेला नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. गावाकडे गेलेल्या आईच्या नावावरचा जुना नंबर, नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नंबर, असे नंबर बँकेत, जीएसटीत, ईमेलच्या खात्यात वर्षानुवर्षं तसेच पडून असतात. मग एके दिवशी तुमचा ओटीपी कुण्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. त्याने काही वाईट केलं नाही तरी तुम्ही तुमच्याच खात्याबाहेर उभे राहता.

आता ॲपच्या कोडचा वैताग. तो एसएमएसपेक्षा क्वचित येतो, पण आला की जबर येतो.

कॉलेज रोडला क्लास चालवणाऱ्या एका मॅडमचं उदाहरण सांगते. त्यांनी जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. दुकानातल्या मुलाने सिम नव्या फोनमध्ये टाकलं, फोटो आणि कॉन्टॅक्ट उतरवून दिले, जुना फोन त्यांच्यासमोर रिसेट मारला. घरी येऊन क्लासचं इन्स्टाग्राम उघडायला गेल्या तर पडदा सहा आकडे मागतोय. त्या एसएमएसची वाट बघत बसल्या. ‘पुन्हा पाठवा’चं बटण शोधलं, ते नव्हतंच. त्या पडद्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की कोड ऑथेंटिकेटर ॲपमधून घ्या. ॲप नव्या फोनवर घेतलं, उघडलं, तर आत रिकामं. नंबर तोच, सिम तेच, मग कोड का नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर एवढंच की किल्ली जुन्या हँडसेटमध्ये होती आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. दुकानातल्या मुलाचा यात काहीच दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे ओळख पटवण्यासाठी व्हिडिओ सेल्फी, अर्ज, वाट बघणं असं सगळं आलं, आणि ते दिवस नेमके नव्या बॅचच्या जाहिरातीचे होते.

हे टाळणं सोपं आहे, फक्त आधी करावं लागतं. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून किल्ल्या गूगल खात्यात जपून ठेवायची सोय आहे. ती चालू आहे का ते ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात बघता येतं. जुना फोन हातात असेपर्यंत सगळी खाती क्यूआर दाखवून नव्या फोनवर नेता येतात. आणि ज्या खात्यावर टू-फॅक्टर चालू कराल, त्याचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना चालणारे राखीव कोड, तिथल्या तिथे घ्या. गूगल असे दहा कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून घरच्या कपाटात, कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, कारण फोन गेला की तोही गेला.

ॲपच्या कोडचा आणखी एक त्रास आहे, तो कळला तर दोन मिनिटांत सुटतो. कोड बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ येत असेल तर फोनचं घड्याळ बघा. गणित वेळेवर चालतं, त्यामुळे घड्याळ दोन मिनिटं पुढे-मागे असलं तरी कोड जुळत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की काम होतं.

आणि ऑफिसवाल्यांना एक कळकळीची विनंती. ॲपचं सेटिंग करताना दिसणारा तो क्यूआर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘सगळ्यांनी स्कॅन करून ठेवा म्हणजे अडचण नको’ असं म्हणून टाकलेला मी पाहिला आहे, आणि खरंच सगळ्यांच्या फोनवर सारखे कोड दिसायला लागतात, म्हणून लोक खूशही होतात. एसएमएसचा एक कोड फुटला तर एक लॉगिन जातं. क्यूआर फुटला तर किल्लीच गेली. ती बदलेपर्यंतचे पुढचे सगळे कोड ज्याच्याकडे तो फोटो आहे त्याला मिळत राहतात, नोकरी सोडून गेलेल्यालासुद्धा.

एका बाबतीत मात्र दोन्ही कोड सारखेच दुबळे आहेत. तुम्ही स्वतः तो सांगितलात, किंवा खोट्या वेबसाइटवर टाकलात, तर कुठून आला याला काही अर्थ उरत नाही. ॲपचा कोड तीस सेकंदांत बदलतो म्हणून सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. खोट्या पानावर तुम्ही टाकलेला कोड चोराचा संगणक त्याच क्षणी खऱ्या वेबसाइटवर टाकतो. यावर पासकी, म्हणजे बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने उघडणारी डिजिटल किल्ली, हा खरा उपाय आहे. तिथे टाकायला कोडच नसतो आणि खोट्या पत्त्यावर ती चालतच नाही. जिथे पासकीची सोय असेल तिथे ती घ्या. आणि कारखान्यातून रोज फोनवर ओटीपी सांगण्याची जी सवय आपण लावून घेतली आहे, ती मला या सगळ्यात जास्त घातक वाटते. दिवसातून चारदा “सांगा ना पटकन” ऐकणारा माणूस पाचव्या वेळी बँकेच्या नावाने आलेल्या अनोळखी फोनलाही त्याच लयीत सांगून टाकतो. असं झालंच आणि पैसे गेले, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच असते.

मग कुठे काय वापरायचं? बँकेत आजवर निवड आपल्या हातात फारशी नव्हती. २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची झाली आणि बँकांनी एसएमएसचाच रस्ता धरला. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२६ पासूनचे नियम एसएमएसशिवायच्या पद्धतींनाही वाट मोकळी करून देतात. तुमची बँक तशी सोय देईपर्यंत बँकेतला नंबर चालू आणि स्वतःच्या नावावर ठेवणं हे पहिलं काम. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं, तेही एकदा बघून घ्या.

ईमेलला मात्र ॲपच लावा, यात मी तडजोड करत नाही. बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक ईमेलवरच येतात, त्यामुळे ईमेल गेलं की मागोमाग सगळं जातं. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, किंवा ज्या आजोबांना ॲप उघडणं जमत नाही, त्यांना एसएमएस राहू द्या. एसएमएसचं टू-फॅक्टर हे नुसत्या पासवर्डपेक्षा कितीतरी बरं.

राहिला गेटवरचा टेम्पो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मालकांच्या खात्याखाली उपवापरकर्ते तयार करता येतात, आणि प्रत्येकाचा कोड त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या नंबरशी जोडलेला असतो. बिलं काढणाऱ्या मुलाला त्याचं वेगळं लॉगिन द्या, त्याच्या फोनवर शील्ड ॲप टाकून द्या, आणि तो नोकरी सोडेल त्या दिवशी हिशेब चुकता करताना ते लॉगिनही बंद करा.