‘टॉवेल लटकवा’पासून ‘मागाल तरच सफाई’पर्यंत

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये, लेबर डेच्या जोडसुट्टीत अमेरिकेतली हॉटेलं भरलेली असताना, सुमारे १० हजार हॉटेल कामगार संपावर गेले. बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, सिअ‍ॅटल, होनोलुलू अशा शहरांतून फाटकाबाहेर ढोल वाजत होते. पगारवाढ ही मुख्य मागणी. पण तिच्या शेजारी आणखी एक मागणी होती, आणि बाहेरच्या माणसाला ती उलटीच वाटली असेल: खोल्या रोज साफ करायचं काम आम्हाला परत द्या.

काम परत मागण्याची वेळ का आली, हे समजून घ्यायला न्हाणीघरातल्या त्या छोट्या कार्डापासून सुरुवात करावी लागते. ‘टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर लटकवा, बदलून हवा असेल तर खाली टाका, पृथ्वी वाचवा.’ अमेरिकी अभ्यासक जे वेस्टरवेल्ड यांनी १९८३ मध्ये फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये असं कार्ड पाहिलं. टॉवेल वाचवून प्रवाळ वाचवायला सांगणारं ते रिसॉर्ट स्वतः मात्र बांधकाम वाढवत होतं. १९८६ मध्ये त्यांनी या विसंगतीवर निबंध लिहिला आणि त्यातून ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्द आला. आज तो तेल कंपन्यांपासून कपड्यांच्या ब्रँडपर्यंत सगळ्यांना लावला जातो. जन्म मात्र हॉटेलच्या टॉवेलवरून.

कार्डाचा उपयोग होत नाही असं नाही. धुलाई कमी झाली की पाणी, साबण, वीज वाचतेच. पाहुणेही ऐकतात, फक्त सांगायची रीत महत्त्वाची. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा एवढंच सांगितल्यावर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी तो वापरला. ‘इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर हा आकडा ४४ टक्क्यांवर गेला.

इथवर प्रश्न टॉवेलचा होता. पुढची उडी मोठी होती. शेरटन आणि वेस्टिन ज्यांच्या मालकीचे होते त्या स्टारवुड कंपनीने २००९ च्या सुमारास ‘मेक अ ग्रीन चॉइस’ ही योजना आणली. पाहुण्याने त्या दिवशीची सफाईच नाकारली, तर त्याला ५ डॉलरचं खाण्यापिण्याचं कूपन किंवा कंपनीच्या सदस्यत्व योजनेतले ५०० पॉइंट. टॉवेल न बदलणं वेगळं आणि खोलीत कोणी पाऊलच न टाकणं वेगळं. पहिल्यात पाणी वाचतं, दुसऱ्यात कुणाच्या तरी कामाचे तासही जातात. कार्डावर दोन्हीसाठी तेच हिरवं पान छापलेलं असतं, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

खोली साफ करणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिलं तर हिशेब असा दिसतो. शहरी हॉटेलात एका पाळीत साधारण १४-१५ खोल्या कराव्या लागतात. बऱ्याच पाहुण्यांनी सफाई नाकारली की त्या दिवशी कमी बायकांना बोलावलं जातं. ज्यांची नोकरी नवी, त्या घरी बसतात. ज्या कामावर येतात त्यांच्या वाट्याला तीन-चार दिवस न आवरलेल्या खोल्या येतात: ओल्या टॉवेलचा ढीग, ओसंडणाऱ्या टोपल्या, बेसिनला चिकटलेला साबण, गालिचात रुतलेले चिप्सचे तुकडे. अशा खोलीला जास्त वेळ लागतो, पण म्हणून रोजच्या खोल्यांचा आकडा आपोआप कमी होत नाही.

आणि हे काम आधीच हलकं नव्हतं. १९९९ मध्ये वेस्टिनने ‘हेवनली बेड’ आणला, मग इतरांनीही जाड गाद्या, जास्तीच्या उशा, रजयांचा सोस धरला. पाहुण्याला ती गादी मऊ लागते. चादर खोचायला तिचा कोपरा दिवसभरात कितीदा तरी उचलणाऱ्या मनगटाला आणि कमरेला ती जड लागते. २०१० मध्ये पाच कंपन्यांच्या ५० हॉटेलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हॉटेलातल्या इतर कामांपेक्षा खोल्या करणाऱ्यांना दुखापतीचं प्रमाण जास्त आढळलं, त्यातही लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) बायकांना. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये खास या कामासाठी सुरक्षेचे नियम केले. त्याच वर्षी मॅरियटच्या हॉटेलांत आठ शहरांतले सुमारे ७,७०० कामगार संपावर गेले, तेव्हाही ही हिरवी योजना तक्रारींच्या यादीत होती. दरम्यान २०१६ मध्ये स्टारवुड मॅरियटने विकत घेतली होती.

मग कोविड आला. परक्या माणसाने खोलीत येऊ नये असं २०२० मध्ये पाहुण्यांनाच वाटत होतं, त्यामुळे रोजची सफाई थांबली ते योग्यच होतं. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की वस्तूंना हात लावून संसर्ग होण्याचा धोका फार कमी आहे. त्याच वर्षी जुलैत हिल्टनने अमेरिकेतल्या आपल्या आलिशान सोडून बाकीच्या ब्रँडसाठी नियम जाहीर केला: मागाल तर सफाई, न मागितल्यास लांब मुक्कामात पाचव्या दिवशी. ‘युनाइट हिअर’ या कामगार संघटनेने तेव्हा मांडलेला अंदाज असा की रोजची सफाई सगळीकडे बंद झाली तर हाउसकीपिंगच्या ३९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १ लाख ८० हजार नोकऱ्या जातील. आकडा संघटनेचा आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. पण या नोकऱ्या बहुतेक बायकांच्या, आणि त्यातल्या खूपशा परदेशातून आलेल्या, याबद्दल वाद नाही.

पाहुण्यांचं मत एकमुखी नाही. कामासाठी दोन रात्री राहणाऱ्याला कोणी दार न वाजवलेलं बरं वाटतं. घरी तरी चादर रोज कुठे बदलतो, असं तो म्हणतो आणि ते खरंच आहे. लहान मुलं घेऊन आलेल्या कुटुंबाला मात्र संध्याकाळी टॉवेल काखेत मारून रिसेप्शनसमोर रांगेत उभं राहावं लागतं. खोलीचं भाडं उतरलेलं नाही, वर वेगळी आकारलेली ‘रिसॉर्ट फी’ आहेच, मग पैसे कशाचे दिले, असा त्यांचा सवाल. मला तो रास्त वाटतो. बचत हॉटेलची होणार असेल तर ती भाड्यात दिसावी.

कायद्यांचा प्रवासही सरळ नाही. नेवाडा राज्याने ऑगस्ट २०२० मध्ये मोठ्या हॉटेलांना रोजची सफाई सक्तीची केली आणि २०२३ मध्ये ती तरतूद काढून टाकली. लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये नेमकं उलटं केलं: रोजची सफाई बंद करायला मनाई. नेवाडातल्याच लास वेगासमध्ये कायदा गेल्यावर कलिनरी युनियन या हॉटेल कामगारांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये एमजीएम, सीझर्स आणि विन या कॅसिनो-हॉटेल कंपन्यांशी केलेल्या पाच वर्षांच्या करारांतच रोजच्या सफाईचं कलम घालून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोचा संप तीन महिने चालला आणि २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मिटला. जिथे असं कलम किंवा कायदा नाही, तिथे खोली रोज आवरली जाणार की नाही हे अजूनही त्या त्या हॉटेलवर अवलंबून आहे. चेक-इन करतानाच विचारून घेतलेलं बरं.